मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळणाऱ्या बाळूने इंग्रजांना हरवलं आणि निफाडच्या रानड्यांनी त्याचा भर सभेत सत्कार केला

निफाड म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक द्राक्षं आणि दुसरी थंडी. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली आला याची बातमी होते आणि दोन दिवस सगळा महाराष्ट्र निफाडचं नाव घेतो.

याच निफाडमध्ये १८ जानेवारी १८४२ रोजी, म्हणजे ऐन थंडीत, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. वडील तिथे सरकारी नोकरीत होते. पुढे कुटुंब कोल्हापूरला गेलं, रानडे शिकले, न्यायाधीश झाले. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, काँग्रेसची सुरुवात या सगळ्यात त्यांचं नाव येतं. हे आपण शाळेत वाचलेलं असतं.

शाळेत सहसा न सांगितलेली एक गोष्ट मात्र क्रिकेटशी जोडलेली आहे. रानड्यांनी एका क्रिकेटपटूचा पुण्यात जाहीर सत्कार केला होता आणि त्याच्या टीममधल्या लोकांचे कान उपटले होते. कारण होतं चहा.

त्या क्रिकेटपटूचं नाव पालवणकर बाळू. भारताचा पहिला मोठा गोलंदाज. ही गोष्ट त्याची आहे.

खेळपट्टीवर रोलर फिरवणारा मुलगा

बाळूचा जन्म १८७६ च्या आसपास धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. त्या काळात या एका शब्दाने माणसाने कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, कुठल्या देवळाबाहेर थांबायचं आणि कुणाच्या सावलीपासून दूर राहायचं हे सगळं ठरत होतं.

बाळूचे वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. लष्कर म्हणजे इंग्रज अधिकारी, आणि इंग्रज अधिकारी म्हणजे क्रिकेट. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट आणि जुन्या चेंडूंवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळ शिकले. कोच नव्हता की क्लब नव्हता.

थोडं वय झाल्यावर कामधंदा बघणं भाग होतं. बाळूला पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबमध्ये नोकरी मिळाली. काम मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचं. पगार महिन्याला ३ रुपये. मधूनच कुणी पारशी मेंबर सरावासाठी त्याला चेंडू टाकायला सांगायचा.

१८९२ च्या सुमारास तो तिथून पूना क्लबमध्ये गेला. हा गोऱ्या लोकांचा क्लब. पगार १ रुपयाने वाढून ४ रुपये झाला. कामं तीच, वर नेट बांधायचं आणि टेनिस कोर्टाच्या रेषा आखायच्या.

एके दिवशी एका इंग्रज मेंबरने नेटमध्ये बाळूच्या हाती चेंडू दिला. डावखुरा मुलगा, संथ फिरकी, पण टप्पा हलायचा नाही. चेंडू कधी आत यायचा, कधी बाहेर जायचा, कधी हवेतच थबकल्यासारखा वाटायचा. मेंबरांच्या लक्षात आलं की सरावाला याच्याइतका चांगला गोलंदाज आपल्याला मिळणार नाही.

त्या क्लबचा सगळ्यात मोठा बॅट्समन होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. असं सांगतात की तो रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला चेंडू टाकायला लावायचा. जितक्या वेळा बाळू त्याला आऊट करेल तितक्या वेळा ८ आणे द्यायचे, असा त्याचा हिशोब होता. महिन्याला ४ रुपये पगार असणाऱ्या मुलासाठी ८ आणे म्हणजे आठवडाभराच्या कमाईच्या निम्मे पैसे. बाळूची गोलंदाजी कुठून घडली असेल याचा अंदाज यावरून येतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या गोऱ्या साहेबांनी बाळूला तासन् तास चेंडू टाकायला लावले, बॅट मात्र कधी हातात दिली नाही. बॅटिंग हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा मान. घाम गाळून चेंडू टाकणं हे नोकराचं काम. म्हणजे क्लब विलायती असला तरी उतरंड होतीच.

बाळूला घ्यायचं की नाही?

त्याच पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि त्यांना पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांच्या नेटमध्ये एक हिंदू मुलगा रोज त्यांच्याच बॅट्समनना नाचवतोय, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

आता प्रश्न सोपा असायला हवा होता. सामना जिंकायचाय, गोलंदाज समोर आहे, त्याला टीममध्ये घ्या. पण प्रश्न सोपा नव्हता. क्लबातले बरेच लोक ब्राह्मण होते. चांभाराच्या मुलाबरोबर मैदानात उतरायचं, त्याने हाताळलेला चेंडू हातात घ्यायचा, याला त्यांचा विरोध होता. क्लबमधली काही तेलुगू मंडळी बाळूच्या बाजूने होती. वाद बराच चालला.

शेवटी खुद्द ग्रेगने वर्तमानपत्रातून जाहीर मत दिलं. बाळूसारख्या गोलंदाजाला बाहेर ठेवलं तर हिंदू क्लब स्वतःचंच नुकसान करून घेईल, असा त्याचा सूर होता. यात बाळूबद्दलचं कौतुक किती आणि नेटमध्ये रोज छळणाऱ्या गोलंदाजाला खऱ्या सामन्यात एकदा गाठायची हौस किती, हे ग्रेगलाच ठाऊक.

बाळूला टीममध्ये घेतलं गेलं, पण ते मैदानाच्या सीमारेषेच्या आतच.

खेळताना तोच चेंडू सगळे हाताळायचे. झेल घेतला की टीम खुश व्हायची. पण चहाची वेळ झाली की बाकीचे दहा जण पॅव्हेलियनमध्ये जायचे आणि बाळू बाहेर थांबायचा. त्याचा चहा बाहेरच यायचा, तोही एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. आतल्यांना चिनी मातीचे कप. तोंड धुवायचं असेल तर त्याच्यासारखाच अस्पृश्य मानलेला एखादा नोकर कोपऱ्यात पाणी घेऊन यायचा. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

आणि चहा झाला की पुन्हा मैदानात येऊन टीमला जिंकून द्यायचं, ही जबाबदारी त्याचीच.

बाळूने ती पार पाडली. पूना क्लबच्या गोऱ्यांना हिंदूंनी हरवलं. नंतर साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने आव्हान दिलं. बाळूच्या फिरकीची धास्ती इतकी होती की त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला, म्हणजे चेंडू वळायलाच नको. रोलरने खेळपट्टी कशी मरते हे बाळूला कुणी शिकवायची गरज नव्हती, त्याचा पगारच त्या कामाचा होता. त्या मेलेल्या खेळपट्टीवर त्याने ७ विकेट्स काढल्या आणि हिंदूंनी साताराही जिंकला.

रानडे आणि दोन कप चहा

आता रानडे यात कसे आले?

ते समजण्यासाठी थोडं मागे, १८९० च्या ऑक्टोबरात जावं लागेल. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. शहरातली नामवंत मंडळी जमली होती, त्यात रानडे होते आणि टिळकही होते. व्याख्यानानंतर ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चहा दिला. कुणी प्यायले, कुणी कप नुसता पुढ्यात ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी नंतर उपस्थितांची नावं पुणे वैभव या वर्तमानपत्रातून जाहीर करून टाकली.

पुण्यात गहजब झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बहिष्कार पडला की घरात भटजी यायचा नाही, मुलीबाळींची लग्नं अडायची. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सनातनी मंडळींचं समाधान झालं, पण सुधारक मंडळी नाराज झाली. ज्यांच्याकडे आपण बघतो तेच वाकले, असं त्यांना वाटलं. हा डाग रानड्यांना पुढे कायम चिकटून राहिला.

एका कप चहाची किंमत रानड्यांनी अशी चुकवली होती.

काही वर्षांनी बाळूच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना धूळ चारली, तेव्हा रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. पुण्यातल्या एका समारंभात त्यांनी बाळूला हार घालून त्याचा गौरव केला. क्रिकेटचे इतिहासकार नोंदवतात की, रानड्यांनी हिंदू क्लबच्या खेळाडूंना सरळ विचारलं: ज्याच्याबरोबर खेळायला तुम्हाला अडचण नाही, त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला कसली अडचण?

आज हा साधा प्रश्न वाटतो. पण चहापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलेल्या माणसाने त्याच शहरात, भर सभेत तो विचारला होता. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळायला बाळूच्या टीमला पुढची वीसेक वर्षं लागली.

मुंबई, प्लेग आणि हिंदू जिमखाना

१८९६ नंतर प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब पुणे सोडून मुंबईला आलं. बाळू आता नाव झालेला खेळाडू होते. मुंबईत १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना सुरू झाला होता. इथेही काही मेंबरांनी जातीवरून विरोध केला, पण कॅप्टन कीर्तिकरांनी हट्ट धरला आणि बाळू जिमखान्यात आले. पुढे बीबीसीआय रेल्वेत नोकरीही लागली. तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरायची सोय नव्हती. नोकरी द्यायची आणि टीमकडून खेळवायचं, ही पद्धत होती.

त्या काळची क्रिकेटची रचनाही समजून घ्यायला हवी. भारत नावाची टीम नव्हती. टीम्स धर्मावर होत्या. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने व्हायचे. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि चौरंगी झाली. १९३७ पासून बाकीच्यांची मिळून पाचवी टीम आली. मुंबईत या सामन्यांना जी गर्दी व्हायची ती आजच्या आयपीएलच्या फायनलसारखी.

या सगळ्याआधी, फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा मुंबईत मोठा सामना झाला. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीचं वारं पेटलेलं. बाळू आणि शिवराम दोघेही टीममध्ये होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० केले. युरोपियन १९१ आणि १०२ वर गडगडले. हिंदू १०९ धावांनी जिंकले.

देशभर आनंद झाला. पण त्यातही मुंबईच्या एका सुधारकी साप्ताहिकाने जी गोष्ट टिपली ती महत्त्वाची आहे. पुण्यात ज्या बाळूला पॅव्हेलियनबाहेर चहा मिळायचा, तेच बाळू मुंबईच्या जिमखान्यात टीमबरोबर बसून जेवत होते. रानडे जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं होतं.

इंग्लंडमध्ये ११४ विकेट्स

१९११ साली पहिल्यांदा सगळ्या धर्मांच्या खेळाडूंची मिळून एक भारतीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. खेळ किती येतो यापेक्षा कॅप्टन राजा असणं गरजेचं, असा तो काळ होता. महाराज मोजकेच सामने खेळले. बाकीचा वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला.

टीमने एकूण २३ सामने खेळले, १५ हरले, ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले. आकडे बघून दौरा फसला असं वाटेल. पण त्या टीममध्ये एक माणूस असा होता ज्याच्यापुढे इंग्लंडच्या कौंट्यांचे बॅट्समन चाचपडत होते. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट्स काढल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरला भारतीयांनी हरवलं त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकलं आणि टीम एका विकेटने जिंकली.

बाळूंचं वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होतं. खांदा दुखत होता. दुसरा धड गोलंदाज नव्हता म्हणून ओव्हरमागून ओव्हर टाकाव्या लागत होत्या. तरीही हे आकडे.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्यांना जे मानपत्र देण्यात आलं ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाने लिहिलं होतं, असं सांगितलं जातं. त्या तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर.

महाराष्ट्रातल्या दलित घरांमध्ये आज बाबासाहेबांचा जो फोटो असतो, त्याच्या आधीच्या पिढीचा हिरो बाळू होते.

सगळं दिलं, कॅप्टनपद नाही

पालवणकर घरात चार भाऊ होते. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही अव्वल क्रिकेटपटू. १९१३ साली तर चौघेही एकाच वेळी हिंदूंच्या टीममध्ये होते.

अनुभव, वय, विकेट्स, कशातही बघा, हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद बाळूंकडे यायला हवं होतं. ते आलं नाही. टीममध्ये घ्यायचं, शेजारी बसून जेवायचं, इथपर्यंत गाडी आली होती. पण चांभाराच्या मुलाने ब्राह्मण खेळाडूला तू इथे उभा राहा, तू तिथे उभा राहा असं सांगायचं, हे निवड समितीला झेपत नव्हतं. १९१३ मध्ये एम. डी. पै कॅप्टन झाले, तेव्हा त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता.

१९२० साली हे प्रकरण फुटलं. पै आजारी पडले. निवड समितीने पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कॅप्टन केलं आणि बाळूंना टीममधूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम तेव्हा टीमचे मुख्य आधार होते. दोघांनी एकत्र निवेदन काढलं आणि टीममधून नाव मागे घेतलं. आपल्याला आणि आपल्या भावाला जातीमुळे डावललं जातंय, हे त्यांनी त्यात लपवलं नाही.

हे सोपं नव्हतं. मैदानाशिवाय त्यांच्याकडे दुसरी ताकद नव्हती आणि तीच ते पणाला लावत होते.

वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. लोक भावांच्या बाजूने बोलू लागले. शेवटी पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परत कॅप्टन म्हणून आले, पालवणकर भाऊही परत आले आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन करण्यात आलं. त्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ टीमचं नेतृत्व बाळूंकडे यावं. वीस वर्षांच्या कारकिर्दीत बाळूंच्या वाट्याला आलेलं कॅप्टनपद एवढंच.

त्यानंतर ते निवृत्त झाले. प्रथम श्रेणीचे फक्त ३३ सामने त्यांच्या नावावर आहेत, त्यात १७९ विकेट्स, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ मध्ये. तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते.

पण लढाई वाया गेली नाही. १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला हिंदूंचा कॅप्टन करण्यात आलं. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. पुढच्या तीन वर्षांत त्याच्याच नेतृत्वाखाली टीम आणखी दोनदा जिंकली. विठ्ठलने नंतर माझे क्रीडा-जीवन या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिलं. पालवणकर भावांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या पुस्तकातून आलं आहे.

अमेरिकेतही हेच झालं होतं

हा काही फक्त आपल्याकडचा किस्सा नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचं बघा, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल. १९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू अॅक्रन प्रोज टीमचा कोच होता. म्हणजे सुरुवात बरी होती. पण १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियम कुठेही लिहिलेला नव्हता. फक्त कुणी घेत नव्हतं.

१९४६ मध्ये रॅम्स ही टीम लॉस एंजेलिसला आली आणि सार्वजनिक स्टेडियम वापरायचं म्हणून तिच्यावर दबाव आला, तेव्हा दार उघडलं. सगळ्यात शेवटपर्यंत अडून बसली ती राजधानी वॉशिंग्टनची टीम, जी आज कमांडर्स नावाने ओळखली जाते. १९६१ च्या हंगामात या टीमने १४ पैकी फक्त १ सामना जिंकला, तरी मालकाला कृष्णवर्णीय खेळाडू नको होते. टीमचं नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं. केनेडी सरकारने भेदभाव थांबवा नाहीतर स्टेडियम मिळणार नाही असा दम भरला, तेव्हा १९६२ मध्ये बॉबी मिचेल टीममध्ये आला.

आणि पोलार्डनंतर त्या लीगमधला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य कोच कधी आला? १९८९ मध्ये. खेळायला घेणं एक आणि हुकूम ऐकणं वेगळं. पुण्या-मुंबईत जे बाळूंबरोबर झालं त्याचीच ही दुसरी आवृत्ती.

ज्याने मानपत्र लिहिलं त्याच्याच विरोधात

बाळूंच्या आयुष्याचा शेवटचा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा आहे.

निवृत्तीनंतर ते समाजकारणात आले. तोपर्यंत मानपत्र लिहिणारे भीमराव हे डॉ. आंबेडकर झाले होते. १९३२ मध्ये ब्रिटिशांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. बाबासाहेबांना ते हवे होते. गांधीजींनी त्याविरोधात येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. बाबासाहेबांनी तडजोड करावी म्हणून त्यांनी मध्यस्थी केली. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या कराराखाली सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे.

ज्या पुण्यात त्यांनी ३ रुपयांवर रोलर फिरवला होता, त्याच पुण्याच्या नावाचा हा करार.

१९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई पालिकेची निवडणूक लढवली, पडले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या निवडणुका आल्या. राखीव जागेवर बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे होते. त्यांच्याविरोधात तोडीचं नाव हवं म्हणून काँग्रेसने बाळूंना तिकीट दिलं.

निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. सुमारे दोन हजारांचा फरक. यावरून दोघांचंही वजन काय होतं ते कळतं.

या निवडणुकीमुळे पुढे बाळूंचं नाव मागे पडलं, असं अनेकांना वाटतं. चळवळीच्या इतिहासात ते चुकीच्या बाजूला उभे राहिलेले दिसतात. आणि क्रिकेटच्या इतिहासात ते कसोटी क्रिकेटच्या आधीचे, म्हणून कुठल्याच रेकॉर्डच्या यादीत नाहीत. दोन्हीकडून निसटले.

पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की आपल्या खेळाच्या जोरावर दार थोडं थोडं उघडतंय. आधी मैदान, मग जेवणाचं टेबल, मग भावाला कॅप्टनपद. एकत्र राहूनच हे बदलेल असं त्यांना वाटत असेल तर ते त्यांच्या अनुभवातून आलेलं होतं. आणि बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की एका बाळूसाठी उघडलेलं दार लाखो लोकांसाठी उघडत नाही. तेही खरंच होतं. डावखुरी फिरकी नसलेल्या माणसाने चहा कुठे प्यायचा, हा प्रश्न शिल्लक होताच.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं. धर्मावर टीम्स करणारी ती स्पर्धा त्याआधीच, १९४६ मध्ये बंद झाली होती. अस्पृश्यता संविधानाने बेकायदा ठरवली होती. तो मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, त्यांचं मानपत्र लिहिणारे तेच बाबासाहेब.

येत्या जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी येईल. त्याच महिन्यात रानड्यांची जयंती असते आणि पुण्यतिथीही. तेव्हा हातातल्या चहाच्या कपाकडे बघताना पंचहौद मिशनमधला तो कप आठवा, आणि पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा पिऊन पुन्हा बॉलिंगला निघालेला बाळूही आठवा.